अंबाबाईचं देऊळ: भिंत आणि किरणं

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात आपण दर्शनाच्या रांगेतून शिरतो आणि घाईनं बाहेर पडतो. पुढच्या खेपेला बाहेरची भिंत जरा बघा.

ही भिंत सपाट नाही. तारकाकृती मांडणीमुळे ती सतत कोन बाहेर काढते, पुन्हा आत घेते, आणि जोत्यापासून वरपर्यंत उभ्या घड्या पडतात. दगड काळा बेसाल्ट. रंगाची मदत नसल्यानं इथली शिल्पं केवळ ऊन-सावलीवर उठतात. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणून मागची भिंत कोवळ्या उन्हात पाहावी. योगिनी, वादक, नर्तकी तेव्हा नीट कळतात. माथ्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. वरची शिखरं विटा-चुन्याची, बऱ्याच नंतरची. त्यांच्यावरून देवळाचं वय काढू नये.

गाभाऱ्यातली मूर्ती चतुर्भुज आहे. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं फळ, वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात ढाल, खालच्या डाव्यात पानपात्र, म्हणजे पेय पिण्याचं भांडं. मस्तकावर नाग आणि लिंग. साडी-दागिन्यांखाली यातलं बरंच झाकलं जातं. मूर्तीची झीज वाढल्यामुळे २०१५ साली तिच्यावर रासायनिक संवर्धन झालं.

आता किरणोत्सव. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम मानतात. तारखांच्या या दोन जोड्या का? सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो त्या २१-२२ डिसेंबरपासून दोन्हीकडे साधारण सहा आठवडे मोजा. दोन्ही वेळी सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. म्हणजे ऊन त्याच वाटेनं पुन्हा येतं. सूर्य खाली जाईल तशी किरणं आडवी होतात आणि उजेड पायांकडून वर चढतो.

पण आडवं किरण सहज अडतं. सूर्य क्षितिजापासून ३ अंशांवर असताना १०० मीटरवरचा अडथळा किरणाच्या मार्गात यायला देवीच्या मुखापेक्षा सव्वापाच मीटर उंच असला तरी पुरे. समोरच्या रस्त्यावर वाढलेला एखादा मजला, पत्र्याची शेड किंवा जाहिरातीचा फलक तेवढं काम करतो. ढग आणि धूळ तर दरवर्षीचीच. त्यामुळे किरणं कमरेपाशी थांबली की शिल्पकाराच्या गणिताला बोल लावण्याआधी महाद्वाराबाहेर नजर टाकावी.