बोरघाटातले कॅमेरे

[दृश्य: पहाट. खंडाळ्याहून खाली उतरणारी ट्रकांची रांग]

डाव्या लेनमधल्या या ट्रकच्या मागच्या चाकाकडे बघा. हा धूर सायलेन्सरचा नाही, ब्रेकचे लायनर तापलेत. डिझेल वाचावं म्हणून काही चालक घाटात गाडी न्यूट्रल करून उतरवतात. मग इंजिनाचा जोर गाडीला मागे ओढत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम लालबुंद होतात आणि नेमक्या वळणावर ब्रेक लागेनासे होतात.

[दृश्य: रस्त्यावरची कमान, कॅमेरे जवळून]

त्याच वळणाच्या वरचे हे कॅमेरे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला, लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. जुलै 2024 मध्ये त्यावर आयटीएमएस, म्हणजे कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा सुरू झाली. वेग, लेन तोडणं, सीटबेल्ट, हातातला मोबाइल, असे सतरा प्रकारचे गुन्हे ती टिपते.

[दृश्य: नियंत्रण कक्ष, पडद्यावर नंबरप्लेट]

वेग कसा पकडतात ते बघा. पहिल्या कमानीखालून गाडी गेली की कॅमेरा नंबर वाचतो, वेळ नोंदवतो. पुढच्या कमानीखाली पुन्हा तेच. समजा मधलं अंतर दहा किलोमीटर आहे. ताशी 100 च्या मर्यादेत ते कापायला सहा मिनिटं लागतात. गाडी पाच मिनिटांत पोहोचली, म्हणजे सरासरी 120. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि पुढे पुन्हा ॲक्सिलरेटर, ही आपल्याकडची जुनी सवय इथे चालत नाही. या यंत्रणेची खरी ताकद हीच आहे आणि ती आम्हाला मनापासून मान्य आहे.

[दृश्य: फूड मॉल, ट्रकचालक मोबाइलवर चलान दाखवतोय]

हे चालकदादा घाट उतरून आलेत. अतिवेगाचा दंड मोटारीला 2000 रुपये, ट्रकला 4000. यंत्रणा सुरू झाली तेव्हा घाटात मोटारींना ताशी 60 ची मर्यादा होती, अवजड वाहनांना 40 ची. भरलेला ट्रक उतारावर चाळिशीत धरून ठेवणं किती अवघड, हे स्टिअरिंगवर बसणाऱ्यालाच विचारा. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानविरोधात संप पुकारला, तेव्हा अशा तक्रारींचा ढीग पुढे आला.

[दृश्य: झाडाआड अर्धा झाकलेला सूचनाफलक]

ऑगस्ट 2021 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमात, 167-अ मध्ये, कॅमेऱ्याच्या आधी ठळक फलक हवा असं स्पष्ट लिहिलंय. यंत्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं घ्यायचं, चलानासोबत फोटो आणि नोंदलेला वेग द्यायचा, नोटीस पंधरा दिवसांत पोहोचवायची. हा फलक आम्हाला गाडी थांबवून शोधावा लागला. वाहनचालकाला आधी सावध करायचं नसेल, तर कॅमेरा वसुलीसाठीच बसवलाय असं लोक म्हणणारच.

[दृश्य: संरक्षक कठडे, रात्र]

कॅमेऱ्यांनी जीव वाचतात का? वाचतात. जगभरच्या पस्तीस अभ्यासांचा आढावा 2010 मध्ये झाला. कॅमेऱ्यांच्या आसपास जीवघेणे आणि गंभीर अपघात 11 ते 44 टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. पण याच रस्त्याचा स्वतःचा इतिहासही आहे. 2016 मध्ये इथे 151 माणसं गेली. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि रस्ते सुरक्षेवर काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी मिळून उघड्या कडांवर कठडे बसवले, रस्त्यावर उभी राहणारी वाहनं हटवायला घेतली. काही वर्षांत मृत्यू शंभराच्या खाली आले, तेव्हा या कमानी उभ्याही नव्हत्या.

[दृश्य: पुन्हा घाट, धूर]

आणि न्यूट्रलमधली गाडी? कॅमेऱ्याला वेग दिसतो, गिअर दिसत नाही. त्यासाठी घाटमाथ्यावर ट्रक थांबवून ब्रेक तपासणारा माणूस हवा, चालकाला गाडी इंजिनवर उतरवायला सांगणारा माणूस हवा. त्याचा पगार दंडाच्या पैशातूनच निघावा, असं आमचं ठाम म्हणणं आहे. किती चलानं फाडली आणि किती कोटी वसूल झाले, हे आकडे बातम्यांत येतात. कोणत्या कमानीच्या टप्प्यात आधी किती जण दगावले आणि नंतर किती, हे महामंडळाने आणि पोलिसांनी दर महिन्याला टोलनाक्यावरच्या फलकावर लावावं.