गुळवेल: वेलीपासून पेल्यापर्यंत

सकाळचे साडेसहा. शिवाजी पार्कला फेऱ्या मारून झाल्या की मंडळींची पावलं रसवाल्याकडे वळतात. दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर. आणि हा कडूजहर, एका दमात प्यायचा गुळवेलीचा रस.

ही तिची कांडी. वरची साल पातळ, पापुद्र्याची. नखाने खरवडली की आतून हिरवीगार. आडवी कापली की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. कडुनिंबावर चढलेली वेल गुणाला सर्वांत चांगली, असं वैद्य सांगत आलेत. त्यांनी तिला अमृता म्हटलं.

आता सत्त्व. ताजी कांडी ठेचायची, चौपट पाण्यात रात्रभर भिजत घालायची. सकाळी हाताने चांगली कुस्करायची, फडक्यातून गाळायची आणि मग भांड्याला धक्का लावायचा नाही. तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, साका वाळवायचा. ढीगभर कांड्यांतून हाती येतं ते एवढंसं. हे कुणी पेल्याने पीत नाही. प्रकृती पाहून, आजार पाहून, गुंजांच्या मापात देतात. औषध आहे ते!

2020 साली हे माप सुटलं. आयुष मंत्रालयाच्या करोनाकाळातल्या मार्गदर्शिकेत गुडूची घनवटी, म्हणजे गुळवेलीच्या आटवलेल्या अर्काची गोळी, होती: 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 15 दिवस किंवा महिनाभर. पुष्कळ घरांत ती पुढेही चालूच राहिली. सोबत काढे, रस.

त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणारे, यकृताला इजा झालेले 6 रुग्ण नोंदवले. एक बाई दगावल्या.

ती खरी गुळवेलच होती का, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. प्रश्न रास्त होता. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची भावकीतलीच वेल; पानं तशीच, पण कांडीवर बारीक गाठी. चिरून, वाटून पेल्यात आली की ओळखणार कशी? पुढे देशभरातल्या 13 केंद्रांतून गुळवेल घेणाऱ्या, यकृताला इजा झालेल्या 43 रुग्णांची नोंद झाली. पुष्कळांना आधीपासून थायरॉइड, मधुमेह होता. चेतवलेली प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटली, असं यकृततज्ज्ञांचं म्हणणं.

भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर रस त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. गोळ्यांची यादी सांगताना डॉक्टरांना या पेल्याबद्दलही सांगा.