हिरवा दिवा

[दृश्य: उपनगरातली झाडांची रांग, शाळेची इमारत]

अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. फिलाडेल्फियाला लागून असलेलं लोअर मेरियन. पैसेवाली वस्ती, नावाजलेल्या सरकारी शाळा. इथे हायस्कूलच्या सुमारे २,३०० मुलांना शाळेने मॅकबुक दिले. वर्गात वापरा, घरीही न्या.

नोव्हेंबर २००९. हॅरिटन हायस्कूलच्या उपमुख्याध्यापिका एका मुलाला ऑफिसात बोलावतात. घरी तुझं भलतंच काही चाललंय, म्हणतात. पुरावा म्हणून फोटो. त्याच्या हातात गोळ्या.

घरच्यांनी सांगितलं, त्या माइक अँड आयकच्या होत्या. म्हणजे चघळायच्या, रंगीत, दुकानात मिळतात त्या. पण पोराच्या खोलीतला फोटो शाळेकडे आला कुठून?

[दृश्य: लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा क्लोजअप]

लॅपटॉपमधूनच. मशीन चोरीला गेलं तर सापडावं म्हणून त्यात एक प्रोग्रॅम होता. आयटी विभागाने तो चालू केला, की दर १५ मिनिटांनी समोरच्याचा फोटो आणि स्क्रीनवर जे असेल ते शाळेच्या सर्व्हरवर जाऊन पडायचं. या मुलाचं मशीन चोरीला गेलंच नव्हतं. विम्याचे ५५ डॉलर भरायचे राहिले होते, तरी तो ते घरी घेऊन गेला, एवढंच. दोन आठवड्यांत ४०० हून जास्त चित्रं जमली. काही तर तो झोपलेला असतानाची.

कॅमेरा चालू झाला की शेजारचा हिरवा दिवा क्षणभर लुकलुकायचा. मुलांनी विचारलंही होतं. उत्तर मिळालं, तांत्रिक बिघाड आहे. काहींनी मुकाट्याने कॅमेऱ्यावर कागद चिकटवला. अख्ख्या प्रकरणात शहाणपणाने वागलेली माणसं बहुधा हीच.

फेब्रुवारी २०१० मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. शाळा मंडळानेच नेमलेल्या वकिलांनी चौकशी केली, तेव्हा ५६,००० च्या आसपास चित्रं निघाली. कुणी मुद्दाम मुलांवर नजर ठेवल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. हरवलेला लॅपटॉप सापडून मुलाच्या हातात परत गेला, तरी कित्येकदा प्रोग्रॅम बंद करायचाच राहून गेला होता. दुष्ट माणूस निदान पकडता तरी येतो. इथे नुसता गलथानपणा होता. एफबीआयनेही तपास केला, गुन्हा दाखल झाला नाही. ऑक्टोबरमध्ये ६,१०,००० डॉलरवर तडजोड झाली. त्यातले ४,२५,००० वकिलांचे.

[दृश्य: टॅब हातात घेतलेले विद्यार्थी, महाराष्ट्र]

आपल्याकडे महाज्योतीसारखी राज्य सरकारची संस्था जेईई, नीटच्या तयारीसाठी मुलांना टॅब देते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तरतूद आहे: १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती हवी, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई. पुढे नियमांमध्ये शैक्षणिक संस्थांना यातून सूट मिळाली: शिकवण्यासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी. या सुरक्षिततेत काय काय बसवायचं, हे मात्र मशीन देणाराच ठरवणार.

टॅबबरोबर सहीचा कागद येतो. लोअर मेरियनच्या कागदपत्रांत कॅमेरा बाहेरून चालू करता येतो, याचा उल्लेखच नव्हता. तेव्हा सही करण्याआधी विचारून घ्या: यातलं काय काय बाहेरून चालू करता येतं, कुणाच्या परवानगीने, केल्याची नोंद कुठे राहते, आणि शाळा सुटल्यावर ते बंद कोण करतं.