टाळी : कानांची आणि डोळ्यांची

[दृश्य : काळ्या पडद्यासमोर दोन हात. अतिसंथ गती.]

ही एक टाळी. एरवी पापणी लवायच्या आत होऊन जाते, म्हणून इथे ती कितीतरी पट संथ केली आहे. तळवे जवळ येताहेत... आदळले. कातडीवरून मनगटाकडे धावत गेलेली लाट बघा.

आपल्याला वाटतं, आवाज होतो तो या आदळण्याचा. पण खरी करामत आहे दोन तळव्यांमधल्या पोकळीत. तिथे कोंडलेली हवा अंगठा आणि तर्जनीमधल्या फटीतून जोरात बाहेर पडते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली घुमते ना, त्याच जातीचा हा आवाज. २०२५ साली संशोधकांनी मोजमापं घेऊन हे दाखवून दिलं.

आता तेच हात ओंजळीसारखे वाकलेत. पोकळी मोठी झाली, आवाज खाली उतरला, भरीव झाला. आणि आता नुसती बोटं तळव्यावर. चटचट, वरच्या पट्टीत. १९८७ मध्ये ब्रूनो रेप या संशोधकाने वीस जणांच्या टाळ्या अभ्यासल्या आणि हातांच्या ठेवणीचे आठ प्रकार मांडले. टाळी बाईची की पुरुषाची, हे मात्र ऐकणाऱ्यांना खात्रीने सांगता आलं नाही.

[दृश्य : सभागृह. प्रेक्षकांचे चेहरे.]

तिसऱ्या रांगेतले हे गृहस्थ बघा. हात वर आलेत, पण वाजत नाहीत. आधी कोणीतरी सुरुवात करायला हवी. झाली! आता सगळी रांग वाजवते आहे.

स्वीडनमध्ये विद्यार्थ्यांच्या गटांवर झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. भाषण किती रंगलं यापेक्षा, कानावर किती जणांच्या टाळ्या पडताहेत यावर माणसं टाळ्या वाजवत होती. थांबतानाही तेच. एकदोघे थांबले, की बाकीच्यांचे हात आपोआप खाली.

आणि ही लय ऐका. मघाचा कडकडाट विरून सगळं सभागृह एका ठेक्यावर आलं. रुमेनिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत अशी ध्वनिमुद्रणं करून शास्त्रज्ञांनी २००० साली याचा उलगडा केला. ठेका जुळावा म्हणून प्रत्येक जण आपला वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो. पण वेग कमी झाला की एकूण आवाजही घटतो. मग उत्साहाच्या भरात माणसं पुन्हा वेग वाढवतात, आणि जुळलेला ठेका सुटतो.

[दृश्य : पॅरिसच्या नाट्यगृहाचं जुनं चित्र.]

टाळ्या विकतही मिळत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे घेऊन टाळ्या वाजवणारे, हसणारे, डोळ्यांना रुमाल लावणारे बसवलेले असत. त्याच्या कितीतरी आधी रोमच्या नीरो बादशहाने आपल्या गायनाला दाद द्यायला पाच हजारांहून जास्त तरुण पदरी ठेवले होते.

[दृश्य : कर्णबधिर मुलांच्या शाळेचं स्नेहसंमेलन. नाच संपतो.]

इथे आम्ही चित्रीकरणाला गेलो तेव्हा पहिल्या नाचानंतर आमच्या टीमने सवयीने टाळ्या वाजवल्या. रंगमंचावरच्या मुलींपर्यंत त्यातलं काहीच पोहोचलं नाही. आमच्या पुढच्या रांगेतल्या आईने मागे वळून आपले हात वर करून दाखवले.

कसं करायचं ते जवळून बघा. दोन्ही हात डोक्याच्या वर, बोटं पसरलेली. कोपर स्थिर ठेवायचं आणि पंजा उलटसुलट फिरवत राहायचं. तळवा समोर, मग पंजाची पाठ, पुन्हा तळवा. हात खांद्याच्या खाली राहिले तर मागच्या रांगांतली दाद रंगमंचावरून दिसतच नाही. आणि नाच संपताच सभागृहातले दिवे लावावे लागतात. अंधारात ही दाद पोहोचायची कशी? दिव्यांच्या बटणापाशी म्हणूनच एक शिक्षिका कार्यक्रमभर उभ्या होत्या. दिवे लावायचा क्षण त्यांनी एकदाही चुकवला नाही.

बाहेरच्या समारंभांत कर्णबधिर कलाकाराच्या वाट्याला अजूनही बहुतेक वेळा कानांचीच टाळी येते.

शेवटचा नाच. सर्वांत लहान मुलगी, उजवीकडून दुसरी. दिवे लागताहेत.

[निवेदन इथे थांबतं. पुढे फक्त दृश्य.]