अठरा पूर्ण झाली, आता कुठं?

(दृश्य: बालगृहाची खोली, पत्र्याची ट्रंक)

ही ट्रंक बघा. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने 23 लिहिलंय, तो या मुलाचा नंबर, इथं आला तेव्हापासूनचा, ताटावर, चादरीवर सगळीकडे तोच. आत दोन पँट, तीन शर्ट, मार्कशीटची प्लॅस्टिकची फाइल आणि धाकट्या पोरांनी काल दिलेलं एक पेन. काल याला अठरा पूर्ण झाली. नाव नको घालू म्हणाला, म्हणून घेत नाही.

अठरा झाली की कायद्यानं तो मोठा माणूस, आणि बालगृह असतं लहान मुलांचं.

(दृश्य: गेट, पोरं हात हलवतायत)

इथं थोडा वेळ आपण काही बोलत नाही.

(दृश्य: पुणे स्टेशन, रात्र)

हे पुणे स्टेशन. अमृता करवंदे हे नाव खूप जणांनी ऐकलं असेल. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेली मुलगी, अठराव्या वर्षी तिथून निघाली, पुण्याला आली आणि पहिली रात्र तिनं याच स्टेशनवर काढली. मग मिळेल ती कामं करत शिकली, 2017 मध्ये एमपीएससीची परीक्षा दिली, मार्क चांगले पडले, पण नॉन-क्रिमिलेयरचं सर्टिफिकेट नाही म्हणून बाहेर राहिली. आता ज्या मुलीला आईवडीलच नाहीत तिनं त्यांच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? ती गप्प बसली नाही, थेट तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत, देवेंद्र फडणवीसांपर्यंत, गेली. जानेवारी 2018 मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि 2 एप्रिल 2018 ला जीआर निघाला, शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण. एका पोरीनं लावून धरलं म्हणून हे झालं, हे आम्ही आमच्या संस्थेच्या प्रत्येक मीटिंगमध्ये नव्या पोरांना सांगतो.

पण त्या जीआरमधली अनाथ कुणाला म्हणायचं याची व्याख्या अरुंद होती. कुणाला आडनाव ठाऊक होतं, कुणाचा लांबचा काका निघाला, ते बाहेर पडले. परत निवेदनं, परत खेटे, आणि 2021 मध्ये अ, ब, क असे गट करून ती व्याख्या रुंद झाली.

(दृश्य: संस्थेची खोली, लॅपटॉपभोवती सात जण)

हे सगळे बालगृहातून बाहेर पडलेले. निवेदन लिहितायत. दोन तास एकाच शब्दावर गेले, आणि तो शब्द तुम्हालाही कळायला हवा. बालन्याय कायदा 2015, कलम 46. अठरा पूर्ण करून बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात रुळण्यासाठी आर्थिक मदत 'देता येईल', असं तिथं म्हटलंय. द्यावीच लागेल असं नाही. इंग्रजीत 'मे', 'शॅल' नाही. पुढं 2016 च्या नियमांत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, 21 वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून 23 पर्यंत, अनुरक्षणगृहंही आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी महिन्याला 4000 रुपये धरलेत. म्हणजे कागदावर बरंच काही आहे, फक्त त्या 'देता येईल'मुळे मुलानं ठासून मागावं असा हक्क होत नाही, आणि ज्याला हे कुणी सांगितलंच नाही तो मागणार तरी काय.

म्हणून मागणी सरळ ठेवली. सतरावं लागलं की प्रत्येक मुलाचा लेखी प्लॅन हवा, राहणार कुठे, शिकणार काय, अनाथ प्रमाणपत्र आणि आधार हातात आलं का, बँकेत खातं आहे का. आणि राहायची जागा पक्की झाल्याशिवाय गेट उघडायचं नाही. ही जी मुलगी टाइप करतेय ना, तिनं 'विनंती' खोडून 'मागणी' लिहिलं. मग कुणीतरी म्हणालं आदरपूर्वक तरी घाल, तर तिनं ते घातलं.

(दृश्य: मंत्रालय, गार्डन गेटची रांग)

पाससाठी रांग. आत कॅमेरा नेता आला नाही, त्यामुळे फाइलवर पोचचा शिक्का बसला तेवढाच बाहेर आल्यावर दाखवता येतोय. हा बघा.

जी पोरं अठरानंतरच्या या काळात निसटतात ती फुटपाथवर, हॉटेलच्या भटारखान्यात, कुणाच्या तरी तावडीत सापडतात, मुलींची तर घाईघाईनं लग्नं लावली जातात.

(दृश्य: पेठेतला वाडा, जिना, खोली)

ट्रंकवाला मुलगा आता इथं. कॉट बेसिसवर, एका खोलीत चार जण, डिपॉझिट संस्थेनं भरलं. घरमालक काकूंनी फॉर्म दिला, पोलीस व्हेरिफिकेशनचा. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. 'कायमचा पत्ता' आलं आणि पेन थांबलं, तेच पेन, धाकट्यांनी दिलेलं. आधारवर बालगृहाचाच पत्ता आहे. त्यानं तो लिहिला. पालकांचा फोन नंबर या रकान्यात आमच्या ताईंचा नंबर टाकला, आणि काकूंनी चष्म्यातून वर बघितलं, म्हणाल्या, "असू दे रे, चालेल."

ट्रंक कॉटखाली जाईना. उभी करून भिंतीला लावली, 23 नंबर बाहेरच्या बाजूला.

उद्या सकाळी सातला त्याची पहिली शिफ्ट.