मला कोण उठवेल?

(पुण्याहून दूर राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळाच्या मेळाव्यात आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

जय ख्रिस्त. अध्यक्षसाहेब, पाळकसाहेब, ताई-दादांनो, काका-मावशी आणि मागे बसलेल्या मुलांनो,

समितीने मला 'पुण्यातला नाताळ' हा विषय दिला होता. पंचहौद चर्चच्या घंटा, क्वार्टर गेटपासून पेटी-ढोलकी घेऊन निघणारी कॅरल पार्टी, कॅम्पातल्या बेकरीबाहेरची रांग, करंज्या करायला जमलेल्या शेजारणी. हे सगळं जितकं माझं तितकंच तुमचंही आहे. पण मी नुकतीच पुण्याला जाऊन आले आणि तिथून मनात जे घेऊन आले ते आधी बोलल्याशिवाय मला करंज्यांबद्दल बोलवणार नाही. अध्यक्षांना विचारून विषय बदलते आहे.

मी वानवडीला मोठ्या बहिणीकडे उतरले होते. तिची नात पाचवीत आहे. रात्री तिच्या अंगावर पांघरूण घालायला गेले, तर पोरीच्या पायात शाळेचे बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. मी सोडायला लागले तशी ती जागी झाली. म्हणाली, "आजी, नको ना काढू. प्रभू आला तर?" थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, "मी झोपेत असले तर मला कोण उठवेल?"

सकाळी घरात मोठा वाद झाला. माझ्या भाच्याच्या मोबाइलवर गेले कित्येक महिने शेवटल्या काळाबद्दलचे व्हिडिओ येत होते. त्यातल्या एकाने प्रभूच्या येण्याची तारीखही सांगितली होती. ती तारीख आली आणि गेली. भाचा म्हणाला, हिशेब चुकला असेल, पण दिवस थोडेच उरलेत. म्हणून मुलीला स्कॉलरशिपच्या क्लासला घालायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. तेवढा वेळच कुठे आहे, म्हणे. दाजी संतापले. "लेकरू बूट घालून झोपतं, हा तुझा विश्वास?" त्यावर भाचा म्हणाला, "मिसरातून निघायच्या, वल्हांडणाच्या रात्री इस्राएल लोकांनी पायात जोडे घालूनच जेवण केलं. तुम्हीच शिकवलंत मला." दाजींना उत्तर सुचेना. सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. चहा गार झाला, कोणी घेतला नाही.

मला त्या घरात कोणाचीही बाजू पूर्ण घेता येईना. माझा भाचा वाईट मुलगा नाही. प्रभू परत येणार हे तो मनापासून मानतो, आणि मीही मानते. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल, हे आपण दर रविवारी उभं राहून म्हणतो. पंचहौदला म्हणतात, सिटी चर्चमध्ये म्हणतात, आपण इथे भाड्याच्या हॉलमध्ये म्हणतो. पण म्हणून झालं की खाली बसतो आणि पुढच्या रविवारपर्यंत त्याचा विचार करत नाही. माझ्या लहानपणी पाळकसाहेब आगमनकाळात या एका वाक्यावर उपदेश करायचे. गेल्या काही वर्षांत तुम्ही यावर उपदेश कधी ऐकलात, आठवून पाहा. आपण गप्प बसलो, म्हणून आपल्या मुलांना हे सांगायला मोबाइलवरची माणसं आली. मोबाइलला नुसती नावं ठेवून चालणार नाही.

तारखांबद्दल फार बोलत नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याच्या हिशेबावर भरवसा ठेवून हजारो माणसं २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी प्रभूची वाट पाहत बसली. काहींनी पीक काढलंच नाही, शेतातच ठेवलं. २०११ साली हॅरल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे ही तारीख दिली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेला पैसा जाहिरातींवर घातला. तो दिवस गेल्यावर त्यांनी २१ ऑक्टोबर सांगितली. तीही गेली. प्रभूने तर स्वतःच सांगून ठेवलं आहे की तो दिवस आणि ती घटका स्वर्गातल्या दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, २४व्या अध्यायात ते आहे. तरीही आपल्या ग्रुपवर अशा तारखा फिरतात आणि फिरवणाऱ्यांतले काही जण आज या हॉलमध्ये बसलेले आहेत. रागावू नका, पण विनंती करते, हे थांबवा. तुम्ही एक बोट दाबता. तिकडे कुठल्या तरी घरात एखादं मूल बूट घालून झोपतं.

मंडळी, म्हणजे विश्वासणारे लोक, आधी स्वर्गात उचलली जाईल आणि बाकीचे मागे राहतील, ही शिकवण आज ज्या रूपात ऐकायला मिळते ते रूप १८३०च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी यांच्यामुळे पसरलं. आपल्यात काही जण ती मानतात, काही मानत नाहीत. त्यावरून आपण भांडू नये असं मला वाटतं. पण प्रभूबद्दल लेकराच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट 'तू मागे राहशील' ही नसावी, एवढं तरी आपण सगळे मान्य करू.

आता तिच्या प्रश्नाकडे येते, कारण विमानात बसल्यापासून मी त्याच्याशीच झगडते आहे. त्या रात्री मी तिला दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींची गोष्ट सांगितली. ही गोष्ट आपण इतकी ऐकली आहे की नीट ऐकायचं सोडून दिलं आहे. वराला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणींना झोप लागली. दिव्यांबरोबर जादा तेल घेतलेल्या पाच शहाण्या होत्या, त्याही झोपल्या. प्रभूने त्यांना झोपेबद्दल एका शब्दाने दोष दिलेला नाही. आणि मध्यरात्री हाक आली तेव्हा सगळ्या उठल्या, हाकेने उठल्या. मी तिला म्हटलं, "बाळा, उठवायचं काम त्याचं. तू झोप." तिने बूट काढू दिले. दुसऱ्या रात्री पुन्हा घातले होते.

मग तेल म्हणजे काय? प्रत्येक उपदेशक वेगळं सांगतो. मी नर्स, धर्मशास्त्र शिकलेली नाही. मी एवढंच करते, पान उलटून पुढे काय लिहिलं आहे ते वाचते. त्याच अध्यायात, मत्तयाच्या २५व्यात, पुढे चाकरांना दिलेल्या पैशांची गोष्ट आहे आणि तिच्याही पुढे शेरडं-मेंढरं वेगळी करावी तसा माणसांचा न्याय आहे. भुकेल्याला जेवू घातलंत का, परक्याला घरात घेतलंत का, आजाऱ्याला भेटलात का, तुरुंगात आलात का. एवढंच विचारलं आहे. तारीख कोणाला ठाऊक होती, असं तिथे कोणीही विचारत नाही. आणि वल्हांडणाचं म्हणाल तर भाच्याला मी बायबलातला निर्गमचा १२वा अध्याय उघडून दाखवला. जोडे घालायला सांगितलं आहे, खरं आहे. पण त्याच्या आधी असंही सांगितलं आहे की घर लहान असेल, एक कोकरू संपणार नसेल, तर शेजारच्या घराला बरोबर घ्या. भाच्याने ते वाचलं. काही बोलला नाही.

पुण्याच्या माणसांना मी पानशेत समजावून सांगायची गरज नाही. १२ जुलै १९६१. आदल्या रात्री जवान त्या धरणावर वाळूची पोती रचत होते. धरण टिकेल की नाही हे त्यांच्यातल्या कोणाला माहीत होतं? तरी रात्रभर रचत राहिले. धरण फुटलं ते सकाळी, दिवसाउजेडी. रात्री फुटलं असतं तर पेठा झोपेत वाहून गेल्या असत्या, असं आमची वडीलमाणसं कायम म्हणायची. आमच्या नाना पेठेतल्या दोन खोल्यांत वडील नारायण पेठेतलं एक अख्खं कुटुंब घेऊन आले. त्यांचं सोवळं-ओवळं होतं. आईने कोणी न सांगता त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडली, वेगळी भांडी आणून दिली, आणि स्वतः बाहेरच्या पडवीत स्वयंपाक करू लागली. माझे वडील शेवटल्या काळाबद्दल बोलायचे, भरपूर बोलायचे. पण तयारी कशाला म्हणतात ते मी त्या चुलीकडे बघून शिकले.

केडगावला तर आपल्यातले बहुतेक जण दौंडच्या गाडीने शब्बाथ शाळेच्या सहलीला गेलेले. पंडिता रमाबाईंना प्रभूच्या येण्याबद्दल कमी कळकळ होती असं कोण म्हणेल? १९०५ साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी जागृती झाली, मुली रात्र-रात्र प्रार्थनेला बसत. आणि त्याच मुक्तीत विहिरी खणल्या जात होत्या, माग चालत होते, तेलघाणी होती, छापखाना होता. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत दोन हजारांच्या आसपास मुली आणि बाया होत्या. त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, हाताला काम दिलं. उद्याच सगळं संपणार असतं तर विहीर कशाला खणायची, असं त्या बाईला वाटलं नाही. मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणलं. १९२१ साली मनोरमा गेली. पोटची एकुलती एक मुलगी गेल्यावरही त्या मुद्रितं तपासत राहिल्या. काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला त्यांनी डोळे मिटले. छापलेलं शास्त्र १९२४ साली आलं, ते त्यांना बघायला मिळालं नाही. भाच्याला मी हेही सांगितलं, आणि स्कॉलरशिपच्या क्लासचं नाव काढलं. तो म्हणाला, "मावशी, बघतो." अजून बघतोच आहे.

माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, आधी पुण्यात, मग इथे. शेवटाला टेकलेली माणसं मी खूप पाहिली. जगाचा अंत केव्हा, असं त्यांतल्या कोणी मला विचारल्याचं आठवत नाही. ती माणसाचं नाव घेत. ज्या भावाशी जमिनीवरून अबोला धरला त्याचं, ज्या मुलीच्या लग्नाला गेले नाहीत तिचं. कित्येकांचा फोन मी लावून दिला. काही फोन पलीकडे कोणी उचलले नाहीत.

आणि म्हणून आपल्या मंडळाला थोडं खरं बोलते. घोरपडीत, रास्ता पेठेत, खडकीत आपले आई-वडील, काका, आत्या एकट्या फ्लॅटमध्ये राहतात. आपण पैसे पाठवतो, नाताळला व्हिडिओ कॉल लावतो. तिथल्या मराठी उपासनेत पुढच्या बाकांवर तीच म्हातारी माणसं दिसतात, मागचे बाक रिकामे असतात. इथे तर दोन मंडळ्या एकमेकींशी बोलत नाहीत. कशावरून, तर प्रभू शेवटल्या संकटकाळाच्या आधी येणार की नंतर यावरून. ज्याची वाट पाहतो त्याच्याच नावाने आपण अबोला धरला आहे. या नाताळला कोणीतरी आधी फोन करा. समोरच्याने उचलला नाही तर पुन्हा करा.

समितीला एक विनंती आहे. आगमनकाळाचे रविवार अजून हातात आहेत. मुलांच्या वर्गात या विषयावर त्यांना विचारू द्या, मी बसायला तयार आहे. पण माझ्या मनातली चिंता लपवत नाही. दहा कुमारींच्या गोष्टीत शेवटी तेल न घेतलेल्या पाच जणींसाठी दार बंद केलं जातं. ते प्रभूनेच सांगितलं आहे. ते गाळून नुसता गोड भाग सांगितला तर मी मुलांना अर्धवट शुभवर्तमान देईन. आणि ते सांगितलं तर पाचवीतल्या मुलीच्या मनात काय जाऊन बसतं, हेही मी बघितलं आहे. पाळकसाहेबांशी बोलले, त्यांनाही सोपं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी आपल्या मुलाला न्यायाबद्दल, दाराबद्दल सांगितलं असेल, आणि ते मूल तरीही शांत झोपत असेल, तर आज जेवणाच्या वेळी मला जरूर गाठा. काय सांगितलंत आणि कसं सांगितलंत, ते मला ऐकायचं आहे.