अक्काचं घर विकताना

नमस्कार श्रोतेहो. सोलापूरच्या साखर पेठेतलं माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं घर गेल्या वर्षी मी विकलं. घर तिच्या नावावर, सही माझी. खुब्याचं हाड मोडल्यामुळे ती पुण्यात लेकीकडे अंथरुणाला खिळली होती, म्हणून तिनं मला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार दिला.

हे पत्र नोंदवायला अशा आजारी माणसाला नोंदणी कचेरीत न्यावं लागत नाही बरं का. अर्ज केला की तिथले अधिकारी, दुय्यम निबंधक, घरी येऊन सही-अंगठा घेतात. भावाबहिणीसारख्या जवळच्या नात्यात, मोबदला न घेता दिलेल्या पत्राला मुद्रांक शुल्क ५०० रुपये. परक्याला घर विकण्याचा अधिकार दिला, तर थेट खरेदीखताइतकं. आम्ही 'सर्व अधिकार' असं मोघम लिहिलं नाही. सिटी सर्व्हे नंबर, किमान किंमत, पैसे अक्काच्याच खात्यात, सगळं नोंदवलं.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "खरेदीखताचा खर्च कशाला? अक्कांकडून माझ्याच नावानं मुखत्यारपत्र घ्या, पैसे रोख देतो." मी साफ नकार दिला. तशा कागदानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्पष्ट सांगितलंय. शिवाय पत्र देणारं माणूस गेलं, की साधं मुखत्यारपत्र तिथंच संपतं.

म्हणूनच खरेदीखताच्या दिवशी मुखत्याराला, म्हणजे पत्र ज्याच्या नावानं आहे त्याला, घोषणापत्र द्यावं लागतं. त्यातल्या ओळीवर माझं पेन अडलं : पत्र देणारी व्यक्ती हयात आहे, पत्र रद्द केलेलं नाही. सकाळीच बोललो होतो, तरी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"अक्का, सही करतोय. करू ना?"

ती गप्प. मग म्हणाली, "पुढच्या खोलीतला खड्डा नीट बुजलाय का रे?"

दाजींचा हातमाग तिथं होता. पाय सोडून बसायचा तो खड्डा. कधीच भरून वर फरशी घातली होती, पण तेवढी एक फरशी अजून पायाखाली डुगडुगायची. आदल्या दिवशीच गवंड्याकडून पक्की करून घेतली होती. तसं सांगितलं.

"मग कर सही," ती म्हणाली.

सगळी रक्कम तिच्या खात्यात गेली. वकील, स्टॅम्प, गवंडी, रिक्षा, रुपया न् रुपया वहीत लिहून, पावत्या टाचून मी वही पुण्याला पाठवली. अक्कानं ती लेकीकडून दोनदा वाचून घेतली.